सहलीचं मॉक ड्रिल

हुडको, भिलाई
दि. २२ ऑक्टोबर २०२१

तीर्थस्वरूप देवराव मामांना भाचा केवलरामचा साष्टांग नमस्कार.

सर्वात आधी सांगतो, आई जिवंत आहे. नुसती जिवंत नाही, हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ती मागच्या अंगणात दातांना तिची ती तंबाखूची गुडाखू घासत, तोंड भरलेलं असूनही सुनेला, म्हणजे वंदनाला, भाजीत मीठ किती टाकायचं ते हाताने सांगत होती. मागच्या आठवड्यात मंगळवारी तुमच्या मोबाइलवर जो पांढऱ्या फुलांचा आणि जोडलेल्या हातांचा मेसेज आला आणि ज्याच्यावरून तुम्ही मामीला घेऊन डोळे पुसत तुमसर रोड स्टेशनवर जाऊन बसलात, तो चुकीचा होता. माझ्या शुभमचा फोन तुम्हाला प्लॅटफॉर्मवरच लागला म्हणून बरं. नाहीतर तुम्ही दुर्गला उतरून, रडत रडत हुडकोपर्यंत आला असता आणि दार आईनेच उघडलं असतं. तुम्ही त्या दिवशी फोनवर मला जे बोललात ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण सगळं खरंच होतं. पण अख्खा प्रकार कसा घडला ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मामीचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? दोघांचा दुसरा डोस झाला का? ऑक्सिजन किती भरतो तेही कळवावं (पूर्वी पत्रात पाऊसपाणी विचारत होते, आता हे विचारावं लागतं). फोनवर का बोलत नाही असं तुम्ही म्हणाल. तर तुम्ही फोन नेहमी स्पीकरवर ठेवता, त्यामुळे तुमच्याशी बोलणं म्हणजे मामी, सूनबाई आणि ओसरीवर बसलेल्या सगळ्यांशी बोलणं असतं. इकडे आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं. मला जे शेवटी सांगायचं आहे ते पाचांपैकी चौघांच्या कानावर जायला नको. पत्र लिहायचं म्हटलं की माझी भाषा आपोआप शाळेतल्यासारखी होते, ती सांभाळून घ्या.

तर मामा, सुरुवात उन्नतीपासून झाली. पोरगी दीड वर्ष मोबाइलमधल्या शाळेत जाते आहे. सकाळी अंघोळ न करता वर्गात बसते, कॅमेरा बंद करून पोहे खाते आणि बाईंनी नाव घेतलं की तोंडातला घास गालात सरकवून 'यस मॅम' म्हणते. तिला त्या मोबाइलमध्ये एक दिवस 'मायालोक' नावाच्या पार्कचा व्हिडिओ सापडला. हैदराबादकडे कुठेतरी आहे. त्यात झुले, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधाऱ्या गुहा आणि सगळ्यांच्या मधोमध आकाशपाळणा, आमच्या कारखान्याच्या चिमणीशी बोलेल एवढा उंच. उन्नती रोज तो व्हिडिओ लावायची आणि रोज मला विचारायची, पप्पा, कधी जायचं. मी रोज म्हणायचो, कोरोना गेल्यावर. कोरोनाचा एवढा उपयोग मला झाला हे कबूल केलं पाहिजे.

पण दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आई तिच्या मागे येऊन उभी राहिली. चष्मा कपाळावर होता तो नाकावर ओढला आणि व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. मग आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "मले या पाळण्यात बसाचं हाये."

मामा, तुमची ताई तुम्हाला ठाऊक आहे. एकेचाळीस वर्षं भिलाईत काढली (त्याआधीची गावाकडची वेगळी), त्यात तिने स्वतःसाठी गुडाखूच्या डबीशिवाय काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाबा गेले तेव्हाही तिने काही मागितलं नाही. लॉकडाऊनमध्ये सगळी दुकानं बंद होती तेव्हा तेवढी डबी मागितली, ती मी कुरुदला जाऊन एका ओळखीच्याकडून आणली आणि वाटेत पोलिसाने अडवलं तेव्हा आईचं औषध म्हणून सांगितलं. अशी बाई एक्काहत्तराव्या वर्षी पाळणा मागते म्हटल्यावर घरात कुणी कोरोनाचं नाव काढलं नाही. वंदनाने त्याच संध्याकाळी वैशाली नगरातल्या बाजारातून तिच्यासाठी जांभळ्या काठाची साडी आणली. शुभमने पार्कचं आणि गाडीचं बुकिंग केलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी घरचा कर्ता आणि त्यातून क्रेन ऑपरेटर.

तुम्ही रेल्वेत गेटमन म्हणून आयुष्य काढलं, तुम्हाला कळेल. गाडी दिसत नसली तरी गेट बंद करावं लागतं. आमच्याकडेही तसंच आहे. शटडाऊन घ्यायचं असेल तर आधी परमिट, मग चेकलिस्ट, मग सगळ्यांना एका ठिकाणी उभं करून सेफ्टीचं भाषण आणि मोठं काम असेल तर मॉक ड्रिल, म्हणजे अपघात झालाच तर काय करायचं याची रंगीत तालीम. सव्वीस वर्षं मी जमिनीपासून तीस मीटरवर, क्रेनच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाची बादली डोक्यांवरून नेतो, आजवर एक थेंब सांडला नाही. तो माणूस महामारीच्या दिवसांत म्हाताऱ्या आईला घेऊन शेकडो कोस दूर जाणार आणि तयारी करणार नाही, हे शक्यच नव्हतं.

मी चेकलिस्ट केली. त्यात एकशे अकरा कलमं झाली. कुणाची लसीची सर्टिफिकेटं कोणत्या खिशात, कोणी कोणाच्या मागे चालायचं, पाळण्याची दांडी धरण्याआधी आणि धरल्यानंतर सॅनिटायझर, ओरडायचं असेल तर मास्कच्या आतच ओरडायचं (याच्यावर उन्नती फार हसली). प्रत्येक कलमापुढे रोज सही घ्यायची. आईला सही करायला वेळ लागतो, त्यामुळे नाश्त्याला दहा वाजायला लागले. शुभम एकदा म्हणाला, "पप्पा, पिकनिक है ना यार, ब्लास्ट फर्नेस थोडी आहे." मी त्याला शिस्तीवर अर्धा तास ऐकवलं. वंदना मात्र भाकरी थापताना माझ्याकडे अशी पाहायची की जणू मी काय लपवतो आहे ते तिला कळलंय, पण वेळ आल्यावर बोलीन म्हणून तिने ठेवून दिलंय.

मग आईचं ट्रेनिंग. अंगणात खाटेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आईला माझं प्लांटचं हेल्मेट घातलं, कमरेला माझा जुना सेफ्टी बेल्ट बांधला आणि मी नि शुभम दोन्ही बाजूंनी खाट हलवायला लागलो. उद्देश एवढाच की पाळण्यात तिला चक्कर येते का ते आधीच कळावं. आईला चक्कर आली नाही. ती म्हणे, "अजून जोरानं हालव ना बाबू, हे तं बैलाच्या खाचराएवढंबी हालून नाही राहिलं." चक्कर मला आली. मी उन्हाचं निमित्त करून आत जाऊन पडलो, आणि आई बाहेर उन्नतीला शेजारच्या खुर्चीत बसवून दोघींच्या वतीने शुभमकडून खाट हलवून घेत राहिली. त्या दिवशी तिच्या तोंडावर जो आनंद होता तसा मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

आता मंगळवारचं सांगतो. सकाळी सहाला मॉक ड्रिल ठेवलं. विषय होता, 'पार्कमध्ये वयस्क सदस्याला अचानक घेरी आल्यास'. वंदनाने भाग घ्यायला साफ नकार दिला, ती स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. बाकीच्यांना मी रेनकोट घातले, कारण पीपीई किट आपल्याजवळ कुठून असणार. त्याच्यावर मास्क, मास्कवर फेस शील्ड, हातात मोजे. भाड्याची जी गाडी शनिवारी यायची होती ती त्या दिवशी सामान बसतं की नाही ते पाहायला बोलावली होती, ती पांढरी होती हा माझा दोष नाही. आईला खुर्चीत बसवलं, अंगावर पांढरी चादर टाकली (घेरी आलेल्या माणसाला थंडी वाजते असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय), बोटाला ऑक्सिमीटर लावला. आईला मी बजावलं होतं की ड्रिल संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. तिने ते इतकं मनावर घेतलं की मान पण टाकून दिली. मी शिट्टी वाजवली. मी आणि शुभमने खुर्ची उचलली आणि उन्नती मागून, मी लिहून दिलं होतं तसं, "आजी, आजी" असं ओरडत धावली. मामा, पोरीने काय काम केलं! तिला नाटकात घालायला पाहिजे.

आमच्या वरच्या मजल्यावर भाग्यश्री वहिनी राहतात. बाई मनाने फार चांगल्या, सकाळी तुळशीला पाणी घालायला गॅलरीत आल्या होत्या. त्यांनी खाली जे पाहिलं ते कुणीही पाहिलं असतं तर तेच समजलं असतं. त्यांनी तिथूनच फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, 'केवलराम भैया की माताजी को ले जा रहे हैं, सब लोग प्रार्थना करें'. सव्वासहाला प्रार्थना सुरू झाल्या. साडेसहाला कुणीतरी 'हिम्मत रखना' लिहिलं. सातला कुणीतरी, तो कोण हे मी अजून शोधतो आहे, 'ॐ शांति' लिहिलं, आणि त्याच्यानंतर रांग लागली. माझ्या शिफ्टच्या ग्रुपवर बातमी गेली, तिथून नागपूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि तिथून तुमच्याकडे आली. मी या वेळात काय करत होतो? ड्रिल झाल्यावर सगळ्यांना अंगणात बसवून कोणाचं काय चुकलं ते समजावून सांगत होतो. माझा मोबाइल चेकलिस्टच्या कलम चोवीसप्रमाणे बंद होता.

पहिला माणूस आला तो आमचा फोरमन हेमराज. हातात हार, डोळ्यांत पाणी. दार आईने उघडलं. ड्रिल संपल्यावर खाटेवर पुन्हा झुलायला तिने हेल्मेट चढवलं होतं. हेमराज दोन पावलं मागे गेला, मग तिच्या पाया पडला आणि हार काय करावा ते न सुचून तिच्याच हातात दिला. आईने तो देवाला घातला. त्याच्यापाठोपाठ महानगरपालिकेची टीम आली, कारण फोटो पाहून कुणीतरी त्यांनाही कळवलं होतं. त्यांनी सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या. मी म्हटलं, साहेब, हे सहलीचं मॉक ड्रिल होतं. त्या साहेबांनी नाव लिहून घेताना माझं टेंपरेचर पुन्हा एकदा तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून दारावर कागद चिकटवला, समोर दोन बांबू आडवे बांधले. रिपोर्ट आला शनिवारी दुपारी. पाचही जण निगेटिव्ह. गाडी सकाळी निघणार होती.

मला फार वाईट वाटलं मामा (थोडं हलकंही वाटलं, पण त्याचं खाली लिहितो). उन्नतीने दिवसभर तो व्हिडिओ लावला नाही. आईने मात्र कुणाला दोष दिला नाही. तिने जांभळ्या काठाची साडी पेटीतून काढली, एकदा मांडीवर उलगडली, काठावरून हात फिरवला आणि पुन्हा घडी घालून ठेवली. मला म्हणाली, "जाऊ दे बाबू. माह्या पाळण्याचं असंच हाये." एवढंच. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो. तो 'असंच हाये' मला तेव्हापासून टोचतो आहे.

'मायालोक'ची पुढची तारीख जानेवारीतली मिळते आहे आणि जानेवारीत पुन्हा लाट येणार असं टीव्हीवाले म्हणतात. म्हणून मी ठरवलं की आईला दिवाळीनंतर तुमच्याकडे आणायचं. भाऊबीज तुमच्याकडे आणि लगेच आपल्या गावची मंडईची जत्रा. मागच्या साली मंडई झाली नाही, या साली होणार असं तुम्ही म्हणाला होता. तिच्या माहेरच्या मंडईत तिला पाळण्यात बसवलं तर हैदराबादपेक्षा तिला जास्तच आवडेल. उन्नतीलाही मी समजावलंय. या वेळी चेकलिस्ट नाही, ड्रिल नाही, हेल्मेट नाही, देवाशपथ.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुम्हाला मंगळवारी जो त्रास झाला त्याबद्दल क्षमा असावी. स्टेशनवर तुम्ही घाईत चहाचे पैसे द्यायचे विसरलात असं शुभमला ऐकू आलं, तेही जमलं तर देऊन यावं.

तुमचा भाचा,
केवलराम

ता. क. मंडईत यंदा आकाशपाळणा येणार की नाही ते आधी विचारून कळवा. आला तर हाताने फिरवायचा की इंजिनचा, किती उंच, आणि फिरवणारा दारू पितो का, हेही पाहून ठेवा. (ही चेकलिस्ट नाही, सहज विचारतो आहे.)

ता. क. २. आता जे सांगायला पत्र लिहिलं ते. मामा, पाळण्यात आईच्या बाजूला तुम्ही बसा. मला उंच पाळण्याची भीती वाटते. हसू नका. तीस मीटरवर बसतो तेव्हा लिव्हर माझ्या हातात असतं, मी म्हणेन तेव्हाच क्रेन हलते. पाळण्यात आपण नुसतं बसायचं आणि फिरवणारा दुसराच कुणी, ते माझ्याने होत नाही. एकशे अकरा कलमं मी आईसाठी लिहिली नव्हती, काहीतरी निघावं आणि सहल पुढे ढकलावी म्हणून लिहिली होती. मंगळवारी दारावर बांबू पाहून मी जेवून गाढ झोपलो, ही माझी लायकी. तुम्हाला आठवत असेल, मी सात वर्षांचा होतो, मंडईत आई मला मांडीवर घेऊन पाळण्यात बसली होती, तुम्ही समोरच्या बाकावर. पाळणा अर्धाही वर गेला नव्हता तर मी असा किंचाळलो की माणसाने पाळणा थांबवला. आई मला घेऊन उतरली. माझी एक चप्पल वरून पडली होती, ती शोधण्यात तिची उरलेली मंडई गेली, आणि तुम्ही एकटे मजेत फिरत होता. पुढच्या साली बाबांना प्लांटमध्ये नोकरी लागली, आम्ही भिलाईला आलो, आणि त्यानंतर ती पाळण्यात बसलीच नाही. तिने ती गोष्ट मला कधी बोलून दाखवली नाही. तिला ती आठवतही नसेल, असं मी मानत होतो. 'असंच हाये' म्हणाली तेव्हा कळलं. मामा, तिला एकटीला वर पाठवायचं नाही आणि माझ्या अंगात धमक नाही. इकडे छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला नाही म्हणत नाही. तुम्ही पाया पडू नका, नुसते पाळण्यात बसा. घरात सांगा की केवलरामची कंबर धरली आहे. मी त्याप्रमाणे आठ दिवस आधीपासून वाकून चालायला लागेन.

ता. क. ३. देवराव आजोबा नमस्ते, मी उन्नती लिहून राहिली. पप्पा लेटर टेबलवर ठेवून सेकंड शिफ्टला गेले, लिफाफा चिपकवायला विसरले. आजीने विचारलं कोणाचं आहे, मग मी तिला पूर्ण वाचून दाखवलं. पप्पांना नाही सांगायचं, लिफाफा मीच चिपकवते. आजी बोलली तसंच्या तसं खाली लिहिते.

देवा, तू पाळण्यात बसू नको. तुले त्या दिवशी एकट्याले फिराले भेटलं, तेवढं पुरे हाये. केवल भेते हे मले आज नाही कळलं, तो माह्या मांडीवर होता तवाच कळलं होतं. म्हणून तं मी कधी नाव नाही काढलं. पण आता मी एक्काहत्तरची झाली, अजून किती थांबू? त्या टायमाले मी त्याच्यासाठी खाली उतरली, आता तो माह्यासाठी वर चढन. रडला तरी चालते, मी बाजूले हावो ना. कमरेचं नाटक त्याले करू दे, आठ दिवस तेवढीच मजा. तू फक्त खाली उभा राय, अन् त्याच्या चपला आधीच काढून घेऊन तुह्या हातात धर.